मलूल कोंबडी: एकटी की सगळे खुराडे?

परसातली कोंबडी आजारी पडली की बहुतेक घरांत पहिली धाव औषधाकडे जाते. कोणी हळदीचे पाणी पाजते, कोणी लसूण ठेचून भरवते, तर कोणी घरातल्या माणसासाठी आणलेल्या अँटिबायोटिक गोळीचा तुकडा चोचीत सारते. दोन दिवसांनी कोंबडी मरते आणि ‘मर लागली’ एवढेच निदान हाती उरते. खरे तर औषधाला हात लावण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे. आजारी ही एकटीच आहे, की खुराड्यातल्या आणखी कोंबड्याही मलूल आहेत? एकटी असेल, तर कारण बहुधा तिच्या शरीरात सापडते: गळ्याच्या पिशवीत, अडकलेल्या अंड्यात, तळपायाच्या जखमेत किंवा पोटातल्या जंतांत. दोन-तीन दिवसांत एकीमागून एक कोंबडी मान टाकू लागली, तर मात्र ती साथ समजावी आणि सरळ फोन उचलावा.

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नवीन पनवेलला लागून सुकापूर आहे. इमारती वाढल्या, तरी जुन्या घरांच्या मागच्या दारी पाच-दहा गावठी कोंबड्या अजून दिसतात, आणि पुढे नेरे-मालडुंग्याच्या बाजूला तर त्या घरोघरी आहेत. ही हौस किरकोळ नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदके मोजली गेली, आणि त्यांतली जवळजवळ ३२ कोटी परसातली होती. घरचे अंडे, सणाला घरचा कोंबडा आणि अडीअडचणीला हातात येणारे चार पैसे, एवढा या खुराड्याचा आधार असतो. पण मोठ्या पोल्ट्रीला जो डॉक्टर, जे लसींचे वेळापत्रक आणि जी नोंदवही असते, त्यांतले काहीच परसातल्या कोंबडीच्या वाट्याला येत नाही. तिचा डॉक्टर म्हणजे सकाळी खुराड्याचे दार उघडणारे माणूस.

आजार लपवणारा पक्षी

कोंबडी ही शिकार होणारी जात आहे. कळपात अशक्त दिसणाऱ्या पक्ष्यावर मुंगूस, मांजर, घार यांची नजर आधी जाते आणि कळपातल्या इतर कोंबड्याही त्यालाच टोचतात. त्यामुळे अंगात त्राण असेपर्यंत कोंबडी आजार दिसू देत नाही. पिसे फुलवून, डोळे मिटून ती कोपऱ्यात उभी दिसते, तेव्हा दुखणे बऱ्याचदा दोन-चार दिवसांचे जुने असते. म्हणून मलूलपणाआधीच्या खुणा ओळखायला शिकावे. दाणे टाकल्यावर नेहमी पुढे धावणारी मागे राहते, संध्याकाळी बसायच्या दांडीवर उडी मारत नाही, तुऱ्याचा लाल रंग उतरतो किंवा अंडी देणारी अचानक थांबते.

यातली प्रत्येक खूण आजाराचीच असते असे मात्र नाही. खुडूक बसलेली कोंबडी दिवसचे दिवस घरट्यात राहते, कमी खाते, जवळ गेले की अंग फुलवून गुरगुरते आणि दिवसातून एकदाच मोठी, दुर्गंधी शीट टाकते. अंडी उबवण्याचे २१ दिवस तिचा हाच क्रम असतो. पिसे गाळणारी कोंबडीही विद्रूप दिसते, तिचा तुरा फिका पडतो आणि अंडी बंद होतात. दोघींनाही औषध लागत नाही. खुडूक कोंबडीला रोज एकदा उठवून दाणापाणी द्यावे आणि पिसे गाळणारीला चांगला, प्रथिनयुक्त खुराक द्यावा. फरक ओळखायची खूण सोपी आहे. खुडूक आणि पिसे गाळणाऱ्या कोंबड्यांचे डोळे स्वच्छ, उघडे आणि सावध असतात.

दहा मिनिटांची तपासणी

कोंबडी संशयास्पद वाटली की तिला पहिल्यांदा वेगळी करावी. तपासणीची उत्तम वेळ म्हणजे पहाट, तिने काही टिपायच्या आधी. एक तळहात छातीखाली घालून तिचे पाय बोटांमध्ये धरावेत आणि दुसऱ्या हाताने पंख अंगाशी लावून ठेवावेत. छाती आवळू नये. पक्ष्यांना माणसासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलले तरच त्यांना श्वास घेता येतो, आणि घट्ट दाबून धरलेली आजारी कोंबडी हातातच गुदमरू शकते.

आता डोक्याकडून सुरुवात करावी. तुरा आणि चोचीखालची लोंबती पाळी लालबुंद असेल तर ठीक. फिकी असेल तर रक्त कमी पडले आहे, आणि त्यामागे बहुधा जंत किंवा रक्त पिणारे किडे असतात. तुरा निळसर-जांभळा झाला असेल, तर श्वास किंवा रक्ताभिसरण बिघडले आहे, आणि ही धोक्याची खूण आहे. तुऱ्यावर काळपट खपल्या असतील तर देवी. डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, नाकातून घाण वासाचे पाणी, सुजलेला चेहरा हे श्वसनाचे आजार. चोच उघडून आत पाहावे. घशात पिवळट चिकट थर दिसला तर देवीचा आतला प्रकार किंवा दुसरा संसर्ग असतो, आणि तो घरी खरवडू नये. शेवटी चोच मिटवून कान लावून ऐकावे. निरोगी कोंबडीचा श्वास ऐकू येत नाही. घरघर, शिट्टी किंवा चोच उघडून हापकणे ऐकू आले, तर आजार छातीत आहे.

मग गळ्याची पिशवी. मानेच्या बुंध्याशी, छातीच्या उजव्या अंगाला कोंबडी टिपलेला दाणा साठवते. संध्याकाळी ती भरलेली आणि सकाळी रिकामी असावी. पहाटे हाताला घट्ट गोळा लागला, तर लांब गवत, दोरा किंवा प्लॅस्टिक अडकले आहे. पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी लिबलिबीत लागली आणि चोचीतून आंबट वास आला, तर आत बुरशी माजली आहे. पिशवी रिकामी करायला कोंबडी उलटी धरून ओकायला लावण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो जीवघेणा ठरतो, कारण वर आलेले पाणी श्वासनलिकेत जाते.

पुढे छातीचे मधले हाड. बोट त्यावरून फिरवावे. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल आणि हाड जेमतेम जाणवत असेल, तर दुखणे नवे आहे. हाड सुरीच्या धारेसारखे टोचत असेल, तर कोंबडी कित्येक आठवडे खंगते आहे आणि एका दिवसात काही घडलेले नाही. तपासणीतली ही सर्वांत कामाची माहिती आहे, कारण आजार किती जुना आहे हे दुसऱ्या कशावरून इतके नक्की कळत नाही.

पोटाखाली, शेपटीच्या बाजूला, अंडे अडकल्याचा कडकपणा आहे का, पाणी भरल्यासारखी सूज आहे का ते पाहावे. त्याच भागातली आणि पंखांखालची पिसे बाजूला करून कातडी तपासावी. पिसांच्या बुडाशी पांढऱ्या अंड्यांचे झुबके दिसले तर उवा आहेत. तळपाय पाहावेत. मधोमध काळी खपली आणि भोवती गरम सूज असेल, तर काटा किंवा खडबडीत दांडी लागून तळव्यात पू झाला आहे. पायाचे खवले वर उचललेले आणि पांढरट भुकटीने भरलेले दिसले, तर ती पायाची खरूज. ती सूक्ष्म कोळीवर्गीय किड्यामुळे होते. पाय साबणाच्या कोमट पाण्यात धुवून काही आठवडे नियमाने पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावले की ती आटोक्यात येते.

सर्वांत शेवटी शीट. कोंबडीला वेगळी लघवी नसते, म्हणून निरोगी शीट तपकिरी-हिरवट आणि वर पांढरी टोपी अशी दिसते. दिवसातून एक-दोनदा ती मऊ, तपकिरी, चिकट आणि उग्र वासाची शीट टाकते. ती आतड्याच्या दुसऱ्या भागातून येते आणि पूर्ण निरोगी असते. नवखी माणसे तिला हगवण समजून औषध देतात. काळजी वाटायला हवी ती पुढच्या प्रकारांची. गडद हिरवी, पाण्यासारखी शीट म्हणजे पोटात अन्न नाही आणि नुसते पित्त पडते आहे. राणीखेत या साथीच्या आजारातही अशीच शीट दिसते. रक्त मिसळलेली शीट पिल्लांत दिसली तर रक्ती हगवण. खडूसारखी पांढरी शीट आणि मागच्या पिसांना चिकटलेले गोळे अगदी लहान पिल्लांत दिसले, तर जन्मतःच आलेला जिवाणूसंसर्ग. शीट नीट पाहायची तर रात्री दांडीखाली जुने वर्तमानपत्र अंथरावे.

एकटीच आजारी असेल तर

एकट्या कोंबडीच्या दुखण्यांत घाईने ओळखावे असे दुखणे म्हणजे अंडे अडकणे. कोंबडी शेपटी खाली सोडून, धड उभे करून ताठ उभी राहते, सारखी घरट्यात जाते-येते, कण्हते आणि मागचा भाग वरखाली हलवते. तलंग पहिले अंडे देताना किंवा मोठी कोंबडी चुन्याअभावी अशी अडते. अंड्याचे कवच जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि ते तयार व्हायला सुमारे वीस तास लागतात. शरीरात कॅल्शियम कमी पडले की कवच मऊ राहते आणि अंडे बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंचे बळही जाते. अशा कोंबडीला हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात, पोट बुडेल असे पंधरा-वीस मिनिटे बसवावे, मग पुसून कोरडी करून उबदार, अंधाऱ्या जागी ठेवावी. पोट दाबून अंडे बाहेर काढू नये. आत फुटलेल्या अंड्याची टरफले जीव घेतात. दोन-तीनदा शेक देऊनही काही तासांत अंडे आले नाही, तर पशुवैद्यकाने कॅल्शियमचे इंजेक्शन देणे हाच मार्ग.

असे पुन्हा होऊ नये म्हणून आपल्या किनाऱ्यावर साधे साधन हाताशी आहे. शिंपल्या आणि कालवांची टरफले धुऊन, वाळवून, बारीक खडीसारखी कुटून वेगळ्या वाटीत ठेवावीत. अंडी देणारी कोंबडी तिला हवी तेवढी टिपते. दाण्यात जबरदस्तीने मिसळू नयेत, कारण वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना जादा कॅल्शियम बाधते.

गळ्यात घट्ट गोळा असेल, तर दिवसभर दाणे बंद ठेवून थोडे थोडे पाणी द्यावे, थोडे खोबरेल तेल चोचीच्या कडेने सोडावे आणि गोळा बोटांनी हलक्या हाताने चोळून मोकळा करावा. दुसऱ्या दिवशीही तो तसाच राहिला तर डॉक्टर छोटी चीर देऊन तो काढतात. खंगलेल्या, फिक्या तुऱ्याच्या कोंबडीला बहुधा जंत असतात. मोकळी फिरणारी कोंबडी गांडुळे, किडे आणि घाण टिपते, त्यामुळे गोलकृमी तिच्या पोटात शिरतातच. जंतनाशक वजनाप्रमाणे द्यावे लागते आणि एकीला निघाले तर सगळ्यांना द्यावे.

फिका तुरा असून जंतही नसतील, तर रात्री टॉर्च घेऊन खुराड्यात जावे. दांडीच्या भेगा, लाकडाचे सांधे आणि भिंतीच्या चिरा नीट पाहाव्यात. दिवसा लपून बसणारे लाल किडे आणि गोचिडी रात्री बाहेर येऊन कोंबड्यांचे रक्त पितात. दांडीखाली पांढरा कागद धरून लाकडावर टकटक केले की लालसर ठिपके कागदावर पडतात आणि चालू लागतात. अशा वेळी उपचार कोंबडीचा कमी आणि खुराड्याचा जास्त करावा लागतो. दांड्या उन्हात काढाव्यात, चिरांत उकळते पाणी ओतावे, भेगा लिंपून बुजवाव्यात. कोरड्या मातीत चुलीची चाळलेली राख मिसळून अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून दिला, तर कोंबड्या स्वतःच त्यात लोळून पिसांतले किडे झाडतात.

उन्हाळ्यात मलूल झालेली कोंबडी मात्र वेगळी तपासावी. तिला घाम येत नाही. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते आणि ती चोच उघडून धापा टाकूनच उष्णता बाहेर काढते. एप्रिल-मेच्या दमट दुपारी पत्र्याच्या खुराड्यात अडकलेली कोंबडी तासाभरात मरू शकते. तिला सावलीत आणावे, पाय आणि तुरा गार पाण्याने ओले करावेत, पाण्यात जलसंजीवनी घालून पाजावे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

खुराडे मलूल झाले तर

साथीच्या आजारातही पहिली कोंबडी एकटीच आजारी पडते. म्हणून ‘एकटी आहे’ असे ठरवण्याआधी दोन दिवस बाकीच्यांवर नजर ठेवायला हवी. या दोन दिवसांत कोंबडी विकायची नाही, कापायची नाही, शेजाऱ्याकडे न्यायची नाही.

परसातल्या कोंबड्यांचा सर्वांत मोठा काळ म्हणजे राणीखेत, गावाकडे ‘मानमोडी’ म्हणतात तो. हा विषाणू १९२६ मध्ये जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळ ओळखला गेला आणि पुढच्याच काळात आजच्या उत्तराखंडातल्या राणीखेतला त्याची नोंद झाली. हिरवट-पांढरी हगवण, हापकणे, मग मान पिळवटणे, पाय किंवा पंख लुळा पडणे असा क्रम दिसतो. कधी कोणतेही लक्षण न दाखवता रात्रीतून निम्मे खुराडे रिकामे होते. या आजारावर औषध नाही. हळद, लसूण, अँटिबायोटिक यांपैकी कशानेही विषाणू मरत नाही. वाचणाऱ्या कोंबड्या त्यांच्या अंगच्या ताकदीवर वाचतात आणि त्यांतल्या काहींची मान कायमची वाकडी राहते.

मान वाकडी दिसली म्हणजे राणीखेतच असे मात्र लगेच धरू नये. कुजलेल्या मेलेल्या जनावरातल्या अळ्या खाल्लेल्या कोंबडीची मान दोरीसारखी लुळी पडते. ती विषबाधा असते, आणि उकिरड्यावर चरणाऱ्या कोंबड्यांत ती आढळते. दोन ते पाच महिन्यांच्या तलंगेचा एक पाय पुढे आणि एक मागे ताणला गेला, तर तो मॅरेक्स नावाचा आजार असू शकतो. त्याची लस पिल्लू जन्मल्याच्या पहिल्या दिवशीच द्यावी लागते, म्हणून पिल्ले घेतानाच ती दिली आहे का ते विचारावे.

पावसाळ्यात पिल्लांवर येते ती रक्ती हगवण. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जूनपासून खुराड्याची जमीन कोरडी राहात नाही. आजारी पिल्लाच्या शीटेतून पडलेल्या सूक्ष्म जीवाच्या अंड्यांना ओल आणि ऊब मिळाली की दोन दिवसांत ती संसर्गक्षम होतात. तीन ते आठ आठवड्यांची पिल्ले पंख ढिले सोडून घोळक्याने उभी राहतात आणि शीटेत रक्त दिसते. हा आजार वेळेवर ओळखला तर बरा होतो. पशुवैद्यक पाण्यातून देण्यासाठी अँप्रोलियमसारखे औषध लिहून देतात. पण ओला पेंढा तसाच ठेवला तर आठवड्याने आजार परत येतो. जाड कोरडा थर, वर उचललेले पाण्याचे भांडे आणि जमिनीपासून हातभर उंच खुराडे यांनी निम्मे काम होते.

पावसाळ्यानंतर डास वाढले की देवी येतात. तुरा आणि डोळ्यांभोवती आधी फोड आणि मग काळ्या खपल्या. बाहेरचा प्रकार तीन-चार आठवड्यांत आपोआप बरा होतो. डोळे खपल्यांनी मिटले असतील तर कोंबडीला दाणा दिसत नाही आणि ती उपाशी मरते, म्हणून डोळे कोमट मीठपाण्याने पुसून तिला हाताने भरवावे. खपल्या ओढून काढू नयेत. त्या गळून पडल्या की गोळा करून जाळाव्यात, कारण विषाणू त्यांत महिनोन्‌महिने टिकतो.

आणि मग बर्ड फ्लू. भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. तो पोल्ट्री फार्मवरचा होता. पण पनवेलकरांनी लक्षात ठेवावा तो प्रसंग जानेवारी २०२५ चा. शेजारच्या उरण तालुक्यातल्या चिरनेर गावात घरोघरच्या कोंबड्या मरू लागल्या. नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत आणि तिथून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. एक किलोमीटरच्या परिसरातल्या कोंबड्या मारून विल्हेवाट लावली गेली आणि दहा किलोमीटरचा परिसर निगराणीखाली आला. परसातल्या कोंबड्यांवर कोणाची नजर नसते, हे खरे असले, तरी चिरनेरला साथ उघडकीस आली ती त्याच कोंबड्यांमुळे.

अचानक अनेक मृत्यू, निळा पडलेला तुरा, सुजलेले डोके, पायांवर रक्ताचे ठिपके, हे दिसले तर राणीखेत की बर्ड फ्लू हे घरी ठरवता येत नाही. मेलेली कोंबडी उघडून पाहू नये, पिसे काढू नयेत, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. तोंडाला फडके आणि हातात पिशव्या घालूनच ती हाताळावी. पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशा आजाराची माहिती देणे मालकाचे कर्तव्यच आहे. एक व्यावहारिक गोष्टही सांगायला हवी. साथ रोखण्यासाठी सरकार जे पक्षी मारते त्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लवकर कळवणाऱ्याचे नुकसान कमी होते.

वेगळी खोली, ऊब आणि पाणी

निदान काहीही असो, पहिले चोवीस तास शुश्रूषा एकच. पुठ्ठ्याचा मोठा खोका किंवा डालगे घ्यावे, खाली कोरडा पेंढा किंवा जुने सुती कापड अंथरावे आणि ते घरातल्या शांत, वारा न लागणाऱ्या जागी, इतर कोंबड्यांपासून दूर ठेवावे. एका बाजूला बल्ब लावून थोडी ऊब द्यावी, पण दुसरी बाजू गार राहू द्यावी, म्हणजे कोंबडी स्वतःला हवी ती जागा निवडते. आजारी पक्ष्याची बरीचशी शक्ती अंग गरम ठेवण्यातच खर्च होते. ऊब मिळाली की तीच शक्ती बरे होण्यासाठी वापरता येते.

नंतर पाणी, अन्न त्याच्याही नंतर. जलसंजीवनीचे पाणी किंवा चिमूटभर मीठ आणि चमचाभर साखर घातलेले पाणी छोट्या भांड्यात ठेवावे. ती पीत नसेल, तर ड्रॉपरने चोचीच्या टोकाला एक-एक थेंब लावावा आणि तिला स्वतः गिळू द्यावे. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच उघडते. चोच उघडून पाणी ओतले की ते सरळ फुप्फुसांत उतरते. औषध पाजताना मेलेल्या कोंबड्यांत या चुकीचा वाटा मोठा आहे. पाणी पिऊ लागली की मऊ भात, कुस्करलेले उकडलेले अंडे, भिजवलेले खाद्य थोडे थोडे द्यावे. खारवलेल्या सुक्या मासळीचे उरलेसुरले तिला देऊ नये, जास्त मीठ कोंबडीला सोसत नाही. बुरशी आलेला मका किंवा तांदूळ निरोगी कोंबडीलाही घालू नये, त्यातले विष यकृत नासवते.

आजारी कोंबडीचे काम दिवसाच्या शेवटी करावे, निरोगी कोंबड्यांचे आधी. चपला, भांडी आणि झाडू वेगळा ठेवावा, हात साबणाने धुवावेत. कोंबडी मेली, तर खोल खड्डा करून वरखाली चुना टाकून पुरावी. गाढी नदीत किंवा कचऱ्याच्या ढिगावर टाकलेली एक मेलेली कोंबडी कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडून चार वाड्यांत साथ पोहोचवते.

अँटिबायोटिकबद्दल आग्रहाने सांगायला हवे. ती जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर आणि जंतांवर नाहीत. चिठ्ठीशिवाय दिलेल्या अर्ध्यामुर्ध्या मात्रेने जिवाणू बळकट होतात आणि औषधाचा अंश अंड्यांतून आपल्या पोटात येतो. याच भीतीने २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधावर खाण्याच्या जनावरांत बंदी घातली. डॉक्टरांनी औषध दिले, तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे त्यांना विचारून घ्यावे आणि तितके दिवस ती फेकून द्यावीत.

एक कुपी, सगळी आळी

या सगळ्या शुश्रूषेपेक्षा जास्त कोंबड्या एक थेंब वाचवतो. लासोटा ही राणीखेतची लस पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठ ते दहा आठवड्यांची झाल्यावर आर-टू-बी ही लस इंजेक्शनने. यातला पहिला विषाणूप्रकार १९४६ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या लासोटा यांच्या फार्मवर सापडला, आणि दुसरा आपल्याच उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या संशोधनातून आला. देवीची लसही सहा ते आठ आठवड्यांत पंखाच्या पातळ कातडीत टोचतात.

मग परसातल्या कोंबडीला ती मिळत का नाही? एका कुपीत शंभर-दोनशे मात्रा असतात, आणि घरात कोंबड्या असतात आठ. कुपी बर्फातच ठेवावी लागते आणि पातळ केल्यावर दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी कोणी तेवढी खटपट करत नाही, आणि म्हणून दर एक-दोन वर्षांनी खुराडी रिकामी होतात. उपाय सोपा आहे. सुकापुरातल्या, देवदच्या, नेऱ्याच्या एका आळीने एक सकाळ ठरवावी, पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी सांगावे, थर्मासमध्ये बर्फ घालून एक कुपी आणावी आणि त्याच सकाळी दहा-पंधरा घरांतल्या सगळ्या निरोगी कोंबड्यांना लस द्यावी. आजारी कोंबडीला लस देऊ नये आणि साथ शिरल्यावर लस शोधत फिरू नये.

आणखी एक नियम आळीने मिळून पाळावा. आखाडातल्या गटारीला आणि जत्रांना बाजारातून आणलेली कोंबडी कापायची असेल तर वेगळी बांधावी, पाळायची असेल तर दोन-तीन आठवडे वेगळ्या खोक्यात ठेवून मगच खुराड्यात सोडावी. आणि खुराड्यात मर लागलेली असताना उरलेल्या कोंबड्या स्वस्तात विकून मोकळे होऊ नये. त्या पैशांत आपले नुकसान थोडे भरून निघते, पण पुढच्या दहा घरांची खुराडी आपल्या हाताने रिकामी होतात. कोंबडी मलूल दिसली तर तिला वेगळी करा, पहाटे तिची गळ्याची पिशवी आणि छातीचे हाड चाचपा, बाकीच्यांवर दोन दिवस लक्ष ठेवा, आणि दुसरी मलूल झाली की त्याच तासाला १९६२ ला फोन करा.